खारट तीर्थ

“मम्मी, त्या ग्लासात काय होतं?”

मी एवढंच विचारलं, आणि पप्पांच्या हातातला घास वाटीतल्या कढीत पडला. मम्मी तव्यावरची भाकर उलटवत होती, ती तिनं उलटवलीच नाही. जळका वास सुटला.

तोंड माझं असलं तरी प्रश्न माझा नव्हता. तो धम्मशीला आणि इराचा होता. त्या दिवशी, शुक्रवारी, शाळा सुटल्यावर आम्ही तिघी इराच्या घरी पाणी प्यायला थांबलो. इराच्या आईचा फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. इरानं तो मोठा करून माझ्यासमोर धरला.

“हे तुही मम्मीच हाय ना बे?”

फोटोत माझी मम्मी होती. केशरी ड्रेस, डोक्यावर गॉगल, आणि केस मोकळे! माझ्या मम्मीचे केस मी फक्त न्हाल्यावर मोकळे पाहिलेत, तेही दहा मिनिटं. मागे हिरव्यागार वेलींच्या लांबच लांब रांगा. हातात लांब दांडीचा काचेचा ग्लास, आणि ग्लासात तळाशी लाल काहीतरी.

“रूहअफजा असन,” मी म्हटलं.

“असा ग्लास रूहअफजाले देत्यात का?” धम्मशीला म्हणाली. “इचार ना घरी.”

“इचारीन ना.”

“काय इचारते तू! माइक धरून ‘आजची स्त्री’ बोलणं सोपं हाय. घरी, पप्पा जेवाले बसले असतानी इचारून दाखव. लागली पैज.”

आता हे ‘आजची स्त्री’ प्रकरण सांगावं लागेल. ऑगस्टमध्ये बुलढाण्याला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली, त्यात मी पहिली आले. आमच्या धाड गावच्या शाळेतून आजवर कोणी पहिलं आलं नव्हतं. त्याआधी वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली जायचा. पण त्या दिवशी माइकमध्ये माझाच आवाज ऐकला आणि मला तो फार आवडला. तेव्हापासून मी नववीतली एक वेगळीच मुलगी आहे. म्हणून पैज लागल्यावर मागे हटायचा प्रश्नच नव्हता.

तर ग्लास.

“फोटो कोणं दाखोला तुले?” पप्पांनी विचारलं.

“प्रश्न मी विचारला, पप्पा.”

“तो इंद्रभान!” पप्पांनी ताट बाजूला सारलं. “त्याले सांगतलं होतं, फोटो आपल्या दुकानदारांच्या ग्रुपवरच ठेवजो म्हणून.”

मम्मीनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले. आणि अगदी शांतपणे, जणू मी भाजी काय केली असं विचारलं होतं, तशी म्हणाली, “वाईन होती.”

“अवो!” पप्पा ओरडले.

“पोरगी इचारून राह्यली तं सांगा लागते. दोन घोट होते बाई. तिथल्या गड्यानं सांगतलं, ग्लास असा फिरवा, वास घ्या, तोंडात घोळवा आन् थुंकून द्या. थुंकाले एक भांडं बी ठेवलं होतं. पण इतक्या लोकांसमोर मी थुंकू कशी? मले लाज वाटली. म्हणून गिळून टाकली.”

मी खो खो हसले. खरंच सांगते, पहिल्यांदा मला फक्त हसूच आलं. जगात लोक वाईन पिऊन लाजत असतील, माझी मम्मी लाज वाटली म्हणून प्यायली.

“चव कशी होती?”

“आंबट. आन् जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी होते, तशी.”

पण मग मला सुचलं की वेलींच्या रांगा त्र्यंबकेश्वराच्या देवळात नसतात. माझे आईवडील तर त्र्यंबकेश्वर आणि गणपतीपुळ्याला देवदर्शन करून कालच परतले होते. निदान अख्ख्या धाडला तसंच माहीत होतं.

पप्पांचं बसस्टँडच्या रस्त्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. ज्या दुकानदाराकडून माल चांगला खपतो, त्याला बियाण्यांच्या कंपन्या फिरायला नेतात. पप्पा दोनदा गोव्याला गेलेत, एकदा बँकॉकला. सोबत अमडापूरचे इंद्रभान काका आणि असेच आठ-दहा दुकानदार. परत आले की सगळ्यांना माहीत असायचं की कंपनीनं नेलं. पप्पा दुकानात बसून फोटो दाखवायचे. पण यंदा कंपनीनं ‘जोडी टूर’ काढली. नवरा-बायकोनं मिळून जायचं. आधी नाशिककडचे द्राक्षमळे, तिथं दोन दिवस, मग कोकणात समुद्रकाठच्या रिसॉर्टवर तीन दिवस.

मम्मी आठवडाभर आधीपासून कपडे काढून ठेवत होती. मला म्हणाली होती, “नाशिकले कंपनीची मीटिंग हाय, तिथूनच दर्शन करून येतो.” मीच पप्पांच्या शर्टांना इस्त्री केली. निघायच्या दिवशी दोघं बॅगा घेऊन स्टँडवर गेले. आणि स्टँडसमोरच छाया आत्याचं घर. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“कुठं चालले रे जोडीनं?” तिनं विचारलं.

गोव्याला जाताना “गोव्याले” म्हणणारे पप्पा यावेळी म्हणाले, “त्र्यंबकले. तिथून गणपतीपुळे.”

बस्स, एवढंच. आत्याला सांगितलं म्हणजे धाडला सांगितलं. आत्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं, “मंग आल्यावर मावंदं करा लागते. रविवार धरा.”

मावंदं म्हणजे तीर्थाहून जोडपं परत आलं की घरी तीर्थाच्या कलशाची पूजा करायची, जोडप्याला पाटावर बसवायचं, लोकांनी पाया पडायचं आणि जेवून जायचं. बँकॉकहून आल्यावर पप्पांचं मावंदं कोणी केलं नव्हतं.

आता शुक्रवारच्या जेवणाकडे परत येते.

“मंग तुम्ही समुद्रावर बी गेलते?” मी विचारलं. माझं हसू आटत चाललं होतं.

मम्मीला वाटलं मी कौतुकानं विचारते आहे. तिचा चेहरा असा फुलला! “अगं मयुरी, काय सांगू तुले. इतकं पाणी! आन् गप्प नाही बसत ते, सारखं काही ना काही बोलत राह्यते. माही एक चप्पल नेली लाटेनं. मी तं तशीच बसली बाई पाण्यात, ड्रेस-गिस सगळं भिजलं. आन् तुहे पप्पा लांब रेतीत बूट घालून उभे, सगळ्या बायांच्या पर्सा धरून!”

“पप्पा,” मी म्हटलं, “मले काय सांगतलं होतं तुम्ही?”

पप्पांनी सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

तीन आठवड्यांपूर्वी मी शाळेच्या सहलीचं संमतीपत्र घरी आणलं होतं. जानेवारीत कोकण, तीन दिवस, समुद्र. मी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. नकाशात निळा रंग भरलाय, बस. पप्पांनी कागद वाचून परत दिला आणि म्हणाले, “समुद्रात काय पाह्याचं असते? पाणीच ना? येळगावचं धरण पाह्यलं नं तू.” मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, “पोरीच्या जातीनं पाण्यात भिजाचं, फोटो काढाचे, अन् ते गावभर फिरले म्हणजे? लोकं काय म्हणतीन?” मम्मी तेव्हा भाजी निवडत होती. एक शब्द बोलली नाही. मी तीन दिवस रडले, मग स्वतःला समजावलं की आपल्या घरात समुद्र पाहत नाहीत. काही घरांत कांदा खात नाहीत, तसंच.

आणि आता कळलं की पाहतात! फक्त मला दाखवत नाहीत!

मी ताटावरून उठले. “मले धरण, अन् तुमाले समुद्र? मी भिजली तं लोकं बोलतीन, मम्मी भिजली तं देवदर्शन? अशी कशी बेइमानी हो पप्पा?”

“आवाज खाली!”

“नाही होत खाली. तालुक्यात पहिला आलेला आवाज हाय.”

मम्मीनं हसू दाबण्यासाठी तोंड फिरवलं, हे मी पाहिलं. पप्पांनी मात्र नाही पाहिलं. ते उठले, हात धुतले, आणि दाराला कडी घातली. मग अगदी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, “आण तो कागद.”

मी आणला. शर्टाच्या खिशातला पेन काढून त्यांनी खाली ‘पालकाची सही’ लिहिलेल्या जागी सही केली. एका दमात, भिंतीला टेकवून.

“जाय सहलीले. पण एक गोष्ट. त्र्यंबकले गेलो होतो, गणपतीपुळ्याले गेलो होतो. ग्लासात द्राक्षाचा रस होता. रविवार होऊ दे आन् तोंड बंद ठेव. कबूल?”

मला विचार करायला हवा होता. मी नाही केला. सोमवारी कागद द्यायची शेवटची तारीख होती आणि कागदावर पप्पांची सही होती, ओली.

“कबूल,” मी म्हटलं.

झोपायच्या आधी मम्मी माझ्याजवळ आली. तिच्या हातात पाण्याची एक प्लास्टिकची बाटली होती, वरचा कागद सोलून टाकलेला. तळाशी चिमूटभर रेती.

“तुह्यासाठी आणला,” ती म्हणाली. “समुद्र. पप्पाले नाही माहीत. गुपचूप भरला, परत येतानी. हलवून पाह्य, रेती कशी उडते.”

मी अजून तापलेलीच होते. “मले नोको तुमचा बाटलीतला समुद्र. मी खरा पाहीन.” आणि बाटली हिसकावल्यासारखी घेऊन समोरच्या देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिली. ती तिथं पणतीच्या डब्याशेजारी उभी राहिली. आज मला त्या वाक्याची जितकी लाज वाटते, तितकी कशाचीच वाटत नाही.

शनिवारी सकाळी छाया आत्या फोन हातात नाचवत आली.

“शेखर, हे काय हाय रे? सगळं गाव पाहून राह्यलं.”

“द्राक्षाचा रस, ताई. नाशिकले मिळते ना. त्र्यंबकच्या वाटेवरच हाय मळा.”

“रस! आन् केस काऊन मोकळे सोडले व अनुपमा? देवाले जातानी कोणी असं जाते?”

मम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी सोमवारचं दप्तर भरत होते. संमतीपत्र मराठीच्या वहीत नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मी वहीकडे पाहिलं आणि दप्तराची चेन लावली.

“वारा होता ताई,” मम्मी म्हणाली.

रविवारी अंगणात मांडव घातला. साठ-सत्तर माणसं आली. पुरणपोळी, कढी, भजे, वांग्याची भाजी. मी नवा घागरा घातला होता आणि पाण्याच्या ग्लासांचं ताट घेऊन फिरायचं काम माझ्याकडे होतं. बाहेर मांडवात पुरुष, आत बैठकीत बायका. म्हणजे मी दर पाच मिनिटांनी एका जगातून दुसऱ्या जगात जात होते. आणि या दोन जगांत एकच फोटो फिरत होता.

आत मम्मी पाटावर बसली होती, हिरव्या साडीत, अंबाड्यावर गजरा. तिच्याभोवती बायकांचा गराडा. आत्या आरतीचं ताट मांडत होती.

“रस लई गोड होता का व अनुपमा?” एकीनं विचारलं, आणि दुसऱ्या दोघी पदरात हसल्या.

“ग्लास तं पाह्य कसा धरला, सिनेमातल्या बाईवानी.”

“आमच्या घरी असं झालं असतं, तं माह्या सासूनं घरात घेतलं नसतं.”

मम्मी कलश नीट ठेवायला हात पुढे करणार, तर आत्या म्हणाली, “राहू दे. कलशाले मी हात लावते. तू फक्त बस.” मोठ्यानं नाही म्हणाली. पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाली. मम्मीनं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, एकावर एक. तिच्या बोटांना मी ओळखते. भाकर थापताना ती किती भराभर चालतात! ती आता कोणा दुसऱ्याची असावीत तशी पडून होती.

मी रिकामे ग्लास घेऊन बाहेर आले. तिथं इंद्रभान काका खुर्चीवर मागे रेलून बसले होते, आणि त्यांच्या फोनभोवती पाच-सहा डोकी वाकली होती.

“हे पाहा, आपले शेखरसेठ! मॅडम दोन घोटात थांबल्या, सेठनं तीन ग्लास रिचवले. अन् मंग त्या गड्यालेच शिकवून राह्यले का द्राक्षावर कोणतं औषध मारावं!”

खदाखदा हसले सगळे. पप्पा बाजूलाच उभे होते, तेही हसले. एकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. “वा सेठ! मजा केली गड्या!”

पाणी देताना मी वाकून फोन पाहिला. तोच फोटो. पण पूर्ण. वेलींच्या रांगांसमोर सहा जोडपी उभी होती. सगळ्या पुरुषांच्या हातात ग्लास. पप्पांचा ग्लास तर वर, आकाशाकडे उचललेला, जणू ते वक्तृत्वाची शिल्ड दाखवत होते. मम्मी त्यांच्या शेजारी, दबकत ग्लास धरून. गावाच्या ग्रुपवर फिरणारा फोटो यातूनच कापलेला होता. कोणीतरी सगळ्यांना कापून टाकलं आणि फक्त मम्मी आणि तिचा ग्लास ठेवला. इराच्या घरी पाहिलेल्या फोटोत कडेला आकाशी रंगाची एक बाही दिसत होती, ते आता आठवलं. ती बाही पप्पांच्या शर्टाची होती. इस्त्री मीच केली होती.

मी ताट घेऊन तिथंच उभी राहिले. मला आधी कापणाऱ्याचा राग आला. मग मांडवातल्या सगळ्यांचा, कारण इथं प्रत्येकाला ठाऊक होतं की ना त्र्यंबक झालं ना गणपतीपुळे, आणि तरी सगळे पुरणपोळी खायला पाय पसरून बसले होते. मग पप्पांचा. आणि मग एक वेगळाच राग वर आला, आणि तो माझा मलाच होता. शुक्रवारी घरात दोघं होते. फिरायला दोघं गेले होते. मी “मम्मी, त्या ग्लासात काय होतं?” विचारलं. पप्पांना विचारावं हे इराला नाही सुचलं, धम्मशीलाला नाही सुचलं, आणि ‘आजची स्त्री’वर सात मिनिटं बोललेल्या मलाही नाही सुचलं. माझा प्रश्नसुद्धा कापलेलाच होता. आणि वर मी त्या सहीच्या बदल्यात तोंड शिवून घेतलं होतं!

“शेखर!” आतून आत्याची हाक आली. “तीर्थ कुठं हाय? कलशात टाका लागते.”

पप्पांचं हसू थांबलं. तीर्थ कुठून असणार? पण दुकानदार माणूस, गिऱ्हाईक परत जाऊ देत नाही. “हाय ना, आणतो,” म्हणत ते आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, फळीवरची बाटली दिसली, सोललेली, साध्या पाण्याची. ती त्यांनी उचलली.

मम्मीचे डोळे मोठे झाले. “अवो, ते...”

“त्र्यंबकच्या कुशावर्ताचं हाय,” पप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि बूच काढून आत्याच्या हातात बाटली दिली.

माझा समुद्र कलशात पडला. मी पाहत होते. शेवटी रेतीसुद्धा गेली.

आत्यानं आंब्याची पानं लावली, नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. पप्पांना मम्मीशेजारच्या पाटावर बसवून दोघांना ओवाळलं. आरती झाली. बाहेरचे पुरुषही दारात येऊन उभे राहिले. मग आत्यानं नारळ काढला आणि पळीनं एकेकाच्या तळहातावर तीर्थ द्यायला सुरुवात केली. पहिलं स्वतः घेतलं. ओठ लावले आणि तिचा चेहरा असा झाला जसा लहान बाळाला लिंबू चाटवल्यावर होतो. पण तीर्थ थुंकता येत नाही. तिनंही ते गिळलं.

दुसऱ्या बाईला ठसका लागला. तिसरी म्हणाली, “अगं बाई, हे तं खारट लागून राह्यलं!”

पळी माझ्यापर्यंत आली होती. मी तळहात पुढे केला आणि घेतलं. खारट. नुसतं खारट नाही, कडू-खारट, आणि दाताखाली रेतीचा एक कण कर्रकन वाजला. नकाशात निळा रंग भरताना जो मला कधी कळला नव्हता तो समुद्र माझ्या तोंडात होता. मम्मीनं गुपचूप, भिजलेल्या ड्रेसनं, एका पायात चप्पल नसताना माझ्यासाठी भरलेला. आणि मी “नोको” म्हटलेला.

“शेखर, कुशावर्त कधीपासून खारट झालं रे?” आत्यानं विचारलं.

पप्पांनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. इंद्रभान काका दारात उभे होते, ते छताकडे पाहू लागले. मला वाटलं, आता. आता पप्पा सांगतील. खरंच मला वाटलं.

पण आत्याच आधी बोलली. “त्याले काय इचारते मी. हे सगळं बाईचं काम. अनुपमा, अजून उतरला नाही का तुहा रस? तीर्थाच्या जागी मिठाचं पाणी ठेवलं देव्हाऱ्यात!”

आणि पप्पा... पप्पा मम्मीकडे वळून म्हणाले, “अवो, पाह्यत जा ना जरा, कोणती बाटली कुठं ठेवली ते.”

मम्मीनं मान खाली घातली.

“चुकलं ताई,” ती म्हणाली.

चुकलं! जिनं आयुष्यात पहिल्यांदा लाटांत बसून हसून घेतलं, जिनं दोन घोट फक्त थुंकायची लाज वाटली म्हणून गिळले, जिला मुलीसाठी समुद्र घरी न्यावासा वाटला, ती म्हणत होती चुकलं. आणि तीन ग्लास रिचवलेल्या माणसाच्या लोक पाया पडायला रांगेत उभे होते.

मी ताट खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेले. दप्तराची चेन उघडली, मराठीच्या वहीतून संमतीपत्र काढलं. मी दोन्ही पाटांसमोर जाऊन उभी राहिले आणि कागद पप्पांच्या मांडीवर ठेवला.

“मयुरी, आत जाय,” पप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

“जाते. पण आधी हे वापस घ्या. तुमची सही.”

“अगं, उद्या शेवटची तारीख ना?” मम्मी म्हणाली. एवढ्या सगळ्यातही तिला तारीख लक्षात होती.

“हाव, उद्याच हाय. मम्मी, तुहं काहीच चुकलं नाही. बाटली देव्हाऱ्यावर मी ठेवली होती. अन् ते मिठाचं पाणी नाही आत्या, समुद्र हाय. मम्मीनं माह्यासाठी आणला होता.”

“समुद्र?” आत्या म्हणाली. “गणपतीपुळ्याचा?”

पप्पांनी घाईघाईनं मान हलवली. पाहा, आत्यानं नकळत त्यांना वाट काढून दिली होती. मीही हाव म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. आत्यानं ते पाणी डोळ्यांनाही लावलं असतं, आणि माझी सहल माझ्याच हातात परत आली असती. पप्पा माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांनीच म्हणत होते, कबूल झालीस ना तू.

झाले होते. शुक्रवारी. पण शुक्रवारी मला वाटलं होतं की मी फक्त माझं तोंड बंद ठेवते आहे. रविवारी दिसलं की त्यात मम्मीचंही बंद होतं.

“पप्पा, मम्मी, मी ठरवलं,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला, माइक नसताना. “गप्प राहाच्या बदल्यात भेटलेल्या सहीवर मी सहलीले जाणार नाही. तुम्ही कुठं गेलते, अन् कोणाच्या हातात किती ग्लास होते, हे आत्याले आता तुम्ही सांगा पप्पा. तुम्ही नाही सांगतलं तं मी सांगते, पूर्ण फोटो इंद्रभान काकांच्या फोनात हाय. अन् उद्या सकाळी मी शाळेतल्या बाईंकडून कोरा कागद आणते. त्याच्यावर पालकाची सही मम्मी करन. तिनं नाही केली तं मी घरी राहीन, रडीन, पण तुमच्या त्या कागदावर जाणार नाही. अन् तिनं केली, तं जानेवारीत या स्टँडवर बॅग घेऊन उभी राहीन, आन् जो कोणी इचारीन ‘कुठं चालली व मयुरी,’ त्याले सांगीन, समुद्रात भिजाले.”